दुसऱ्या सीटचं माप

बसमावशीने एकतीस वर्षं शाळेची बेचाळीस सीटांची बस चालवली. निवृत्त झाल्यावर तिसऱ्याच दिवशी, जेवता जेवता, तिने जाहीर केलं की आता आपण दोन सीटांची गाडी घेणार. छप्पर मागे दुमडून टाकता येतं तसली. बुटकी, चपटी, पळणारी.

पानावर त्या वेळी नवरा होता आणि रविवारची आलेली लेक होती. लेकीचा घास हातातच राहिला.

"आई, म्हणजे ती सिनेमातली?"

"सिनेमातली कशाला? जुनी, स्वस्तातली. नव्या चार सीटांच्या गाडीच्या निम्म्या पैशात मिळते. मी चौकशी केलीय."

"तुझे गुडघे मान्य करतील का? ती जमिनीला टेकलेली असते."

"एकतीस वर्षं चार पायऱ्या चढून गाडीत बसले. आता उतरून बसेन."

नवऱ्याने ताकाची वाटी खाली ठेवली आणि सहज विचारलं, "आणि मी कुठे बसायचं?"

"तुम्ही?" मावशी म्हणाली. "तुम्ही या मागनं सायकलवर. दुसऱ्या सीटवर माझी पर्स बसेल. बिचारी इतकी वर्षं पायाशी पडून होती."

लेक ठसका लागेपर्यंत हसली. नवराही हसला. मावशीही हसली, आणि हसता हसताच तिला कळलं की आपण चुकीच्या गिअरमध्ये गाडी घातली. कारण ती दुसरी सीट तिला पर्ससाठी नको होती. नवऱ्यासाठीच हवी होती.

त्याचं असं झालं होतं. बारा वर्षांपूर्वी एका सिग्नलला तिच्या बसशेजारी एक लाल उघडी गाडी येऊन थांबली होती. बसच्या उंचीवरून ती चपलेएवढी दिसत होती आणि चपलेत डोकवावं तसं तिच्या आतलं सगळं दिसत होतं. गाडी एक पिकल्या केसांची बाई चालवत होती. शेजारी तिचा म्हातारा संत्रं सोलत बसला होता. एकेक फोड घ्यायचा, तिच्यावरचे पांढरे धागे नखाने काढायचा, आणि बाईचे हात स्टिअरिंगवर म्हणून फोड तिच्या तोंडात घालायचा. बाई बिया थेट रस्त्यावर थुंकत होती. दोघं काहीच बोलत नव्हती. मागून बेचाळीस पोरं एका सुरात ओरडली, "मावशीऽऽ, हिरवा!" तेव्हा कुठे ती भानावर आली. सिग्नल सुटला आणि बस जागची हलली नाही, असं तिच्या नोकरीत तेवढं एकदाच घडलं.

नवरा-बायको शेजारी शेजारी बसून कुठे गेलेत आणि मागे कुणी नाही, असं त्यांच्या संसारात कधी झालंच नव्हतं. घरची गाडी होती, पण तिच्या मागच्या सीटवर सासूबाई असायच्या. त्या गेल्या तर नणंद, नणंद सासरी गेली तर लेक, लेकीच्या तीन मैत्रिणी, मैत्रिणींची दप्तरं. कुणी नसलंच तर 'जाता जाता मला सोडा' म्हणणारे शेजारी. बसमध्ये तर चालकाशेजारी सीटच नव्हती. वर पाटी होती, 'चालकाशी बोलू नये'. नवरा दोनदा त्या बसमध्ये बसला होता. दोन्ही वेळा सहाव्या रांगेत.

पण हे असलं सरळ बोलायची त्या घरात पद्धत नव्हती. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती आणि एकमेकांवर जीव आहे याचा पुरावा म्हणजे टोमण्यांत एक दिवस खंड पडला नव्हता. अशा घरात 'मला तुमच्या शेजारी बसायचंय' असं म्हणणं म्हणजे पंगतीत उभं राहून गाणं म्हणण्यासारखं होतं.

नवरा जमीनमोजणी खात्यात मोजणीदार होता. उंची एवढी, की मोजणीला न्यायची आकड्यांची काठी विसरली तर 'साहेबांनाच उभं करा' असं हाताखालचे म्हणायचे. दोनच वर्षांपूर्वी तोही निवृत्त झाला होता आणि मोजायला काही नाही म्हणून हळूहळू सुकत चालला होता. बायकोने गाडीचं काढल्यावर त्याला पालवी फुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या कपाखाली एक भलामोठा कागद अंथरलेला. निळ्या पेन्सिलीने रकाने आखलेले: गाडीचं वय, किंमत, आधीचे मालक किती, छपराचं कापड, जमिनीपासून उंची, डिकी, सुटे भाग मिळतात का. अगदी उजवीकडे शेवटचा रकाना होता, 'दुसरी सीट'. त्यात सगळ्या गाड्यांसमोर एकच शेरा: 'पर्स. ठीक.'

मावशीने तो रकाना वाचला. तिने कप उचलून बाजूला ठेवला.

"हे काय?"

"तूच म्हणालीस ना. पर्स मोजली मी रात्री. बत्तीस बाय अठरा. सगळ्या गाड्यांत आरामात बसते."

"तुम्ही माणूस आहात की फूटपट्टी?"

"फूटपट्टी एवढी लांब नसते," तो म्हणाला आणि खूश होऊन पेन्सिलीला टोक करायला गेला.

म्हणजे टोमणा त्याने मनाला लावून घेतला होता की नुसता कागदावर घेतला होता, हे कळायला मार्ग राहिला नाही. मावशीने ठरवलं, गाडी बघायला गेल्यावर याला सहज म्हणून शेजारी बसवायचं. एकदा बसला की काही बोलावं लागणार नाही.

यात एक अडचण होती आणि ती पहिल्याच गाडीला कळली. दोन सीटांची गाडी चालवून बघताना एका सीटवर गिऱ्हाईक बसतं आणि दुसऱ्या सीटवर गाडीचा मालक, कारण गाडी घेऊन कुणी पसार होऊ नये. तिसऱ्या माणसाला फुटपाथ.

पहिली गाडी पांढरी होती, एका जुन्या गाड्यांच्या दलालाकडची. दलालाने दार उघडून धरलं, म्हणाला, "मॅडम, आधी एका डॉक्टरांची होती. फक्त रविवारी काढायचे."

"डॉक्टर आणि फक्त रविवारी?" मोजणीदार म्हणाला. "मग एवढे किलोमीटर कसे? रविवारी समुद्र ओलांडायचे का?"

"अहो, तुम्ही बसून बघा ना जरा," मावशीने सहज म्हणून सुरुवात केली. पण दलाल तोवर बसून पट्टा लावून मोकळा झाला होता. मोजणीदार टेप हातात घेऊन फुटपाथवर उभा राहिला आणि त्याने हात हलवला, बस सुटताना पालक हलवतात तसा.

मावशीने गाडी सुरू केली, सवयीने वर मोठ्या आरशाकडे पाहिलं आणि विचारलं, "बसलात का सगळे?" आरसा नव्हता. वर आभाळ होतं. दलाल म्हणाला, "मी बसलोय, मॅडम." पुढच्या वळणावर तिने बारा मीटर लांबीच्या बसला लागेल एवढा प्रशस्त वळसा घेतला आणि समोरून येणारा दूधवाला दुभाजकावर चढला. वाटेत एक शाळा लागली, तिथे गाडी आपोआप थांबली. कुणी चढलं नाही तेव्हा पुढे निघाली. दलालाने एका हाताने दार आणि दुसऱ्याने देव धरला होता. पण मावशीचे केस वाऱ्यावर उडत होते आणि तिच्या घशातून एक बारीकसा आवाज निघत होता. नंतर तिच्या लक्षात आलं, आपण गुणगुणत होतो.

परत आली तर मोजणीदार रस्त्यावर गुडघे टेकून बसला. जमिनीत गाडलेले हद्दीचे लोखंडी खुंट शोधायचं एक चुंबक त्याच्याकडे होतं, खात्यातून निघताना 'चुकून' खिशात राहिलेलं. ते त्याने दाराखालच्या पत्र्याला लावलं. चिकटलं नाही. हातभर पुढे लावलं, तरी नाही.

"इथे पत्राच नाही," तो म्हणाला. "सगळी पुट्टी आहे. वर रंग. डॉक्टरांनी प्लास्टर घातलंय."

पहिली गाडी कटाप.

दुसरी गाडी निळी, एका तरुण जोडप्याची. बायकोला जुळं होणार होतं, म्हणून दोन सीटांची गाडी विकायला काढलेली. विकण्याचं कारण इतकं खरं होतं की मोजणीदाराने ते कागदावर लिहून पुढे बरोबरची खूण केली. तरुण नवरा शेजारी बसला, मोजणीदार त्या पोटुशा मुलीबरोबर फुटपाथवर. मावशी चक्कर मारून आली तोवर त्याने मुलीला खुर्ची आणून बसवलं होतं आणि पाळणा कुठल्या भिंतीला बसेल ते सांगत होता.

गाडी चालायला झकास होती. मावशी उतरली, दार लावलं आणि काहीही मनात नसताना गाडीच्या मागे गेली. ही तिची एकतीस वर्षांची सवय. शाळेच्या बसचा नियमच होता: फेरी संपली की चालकाने शेवटच्या सीटपर्यंत चालत जायचं, प्रत्येक सीटखाली वाकून बघायचं, आणि मग खाली येऊन तक्त्यावर 'गाडी रिकामी' लिहून सही करायची. या तपासणीत तिला आजवर झोपलेली सतरा पोरं, एक जिवंत कासव आणि एकदा, सहलीहून परतताना, गणिताचे सर सापडले होते. या गाडीला मागची सीटच नव्हती, तर सीटांच्या पाठीमागे जी वीतभर जागा होती तिथे तिने वाकून हात घातला. हात ओला झाला.

"सतरंजी भिजलीय हो इथली. आणि वास येतोय. जुन्या मोज्यांचा."

तरुण नवरा लालबुंद झाला. त्याची बायको खुर्चीतून म्हणाली, "तीन महिने सांगतेय मी याला वास येतोय म्हणून! म्हणे, तुझं नाक दिवस गेल्यापासून तिखट झालंय!"

मोजणीदाराने टॉर्च मारून पाहिलं. दुमडलेल्या छपराच्या कोपऱ्यात पाणी निघून जायला भोकं असतात, ती कचऱ्याने तुंबली होती. पाणी आतच मुरत होतं आणि तळ गंजला होता. दुसरी गाडीही गेली. मात्र निघताना पोटुशीने मावशीचा हात धरला. "तुम्ही आलात म्हणून माझं नाक खरं ठरलं," ती म्हणाली.

परत येताना रिक्षात दोघं शेजारी शेजारी बसली होती; मधे पर्स होती. मावशीच्या मनात आलं, आत्ता सांगून टाकावं. ती म्हणाली, "तुम्हाला नाही का वाटत एकदा बसून बघावं?"

"मला काय करायचंय बसून? मी तर सायकलवाला," तो रिक्षाबाहेर बघत म्हणाला.

तो चिडवतोय की रुसलाय, हे चौतीस वर्षांच्या सरावानेही तिला ओळखता आलं नाही. तिने पर्स उचलून मांडीवर घेतली. मधली जागा रिकामी झाली. तो सरकला नाही.

तिसरी गाडी गडद हिरवी, एका चष्मेवाल्याची. चष्मेवाला ठेंगणा, गोलमटोल, हसतमुख. त्याची बायकोही त्याच मापाची. दुकानामागच्या अंगणात गाडी उभी होती. चुंबक जिथे लावलं तिथे चिकटलं. सीटमागची सतरंजी खडखडीत कोरडी. छप्पर हातानेच मागे टाकायचं होतं. पुढच्या दोन कड्या सोडल्या की लाकडी पेटीचं झाकण उघडावं तसं मागे जायचं. मागची प्लास्टिकची काच तेवढी जुन्या चष्म्यासारखी धुरकट झाली होती. चष्मेवाला म्हणाला, "ती मी बदलून देतो. धुरकट काच विकली तर लोक मला काय म्हणतील?"

चष्मेवाल्याला शेजारी घेऊन मावशी चालवून आली. या वेळी शाळेसमोर थांबली नाही, नुसता वेग कमी केला. मोजणीदाराने कागदावर एकामागून एक खुणा केल्या. शेवटच्या रकान्यात पुन्हा 'पर्स. ठीक.' किंमत त्यांनी ठरवलेल्या आकड्याच्या किंचित आतच होती. विसार दिला. आठवड्याने, शनिवारी दुपारी, उरलेले पैसे देऊन कागदांवर सह्या झाल्या. चष्मेवाल्याने किल्ली मावशीच्या तळहातावर ठेवली आणि दोन्ही हात मोकळे केले.

"घ्या. आता मी नाही येत. जा दोघं, मारा एक चक्कर!"

ती घटका आली होती. मावशीने चालकाच्या जागेवर बसून पर्स उचलून मागच्या फटीत कोंबली. "बसा," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्याहून बारीक निघाला.

मोजणीदाराने एकदा सीटकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग त्याने एक पाय आत घातला. तो गेला. दुसरा पाय घालायला पहिला बाहेर काढावा लागला. मग तो पाठमोरा होऊन आधी बूड टेकवून बघू लागला, आणि पाय हवेत राहिले. शेवटी एकदाचा आत गेला तेव्हा त्याचे गुडघे हनुवटीखाली आले होते, आणि काचेच्या वरची चौकट बरोबर भुवयांवर येत होती. समोरचा रस्ता बघायला त्याला एकतर वाकावं लागे नाहीतर ताठ व्हावं लागे. चष्मेवाला मदतीला धावला, त्याने छप्पर ओढून लावलं. छपराला आतून एक टेंगूळ आलं. त्या टेंगळाखाली मोजणीदार, मान छातीला लागलेली.

"आमच्या हिची कधी तक्रार नव्हती हो," चष्मेवाला कळवळून म्हणाला.

छपराखालून आवाज आला, "बरोबर आहे. जागा पर्सचीच आहे. पर्स मजेत बसेल."

मावशीने दोन्ही हात स्टिअरिंगवर आपटले. हॉर्न वाजला.

"खड्ड्यात गेली पर्स! मला पर्सशी बोलायचंय का गाडीत? ही गाडी नको मला. चष्मेवाले, कागद फाडा!"

"अगं, सह्या झाल्या!"

"होऊ देत! बारा वर्षं मी त्या सीटवर तुम्हाला बसवतेय मनात, आणि तुम्ही तिथे पर्स मोजताय! मीच म्हणाले, ठाऊक आहे मला. माझ्या जिभेला ब्रेक नाहीत. पण तुम्हालाही कळू नये? टेप आहे ना हातात? सगळ्या जगाची मापं घेतलीत!" आणि मग संत्र्याची सगळी हकीकत तिने एका दमात सांगून टाकली. सिग्नल, म्हातारा, फोडी, धागे, रस्त्यावर पडणाऱ्या बिया. चष्मेवाला ऐकताना चष्मा काढून पुसू लागला, दोनदा पुसला.

टेंगूळ तिच्याकडे वळलं.

"तू हे आधी सांगितलं असतंस," मोजणीदार छातीत तोंड घालून म्हणाला, "तर मी स्वतःला मोजलं असतं."

चष्मेवाला भला माणूस होता. "सहापर्यंत कागद मी गल्ल्यात ठेवतो," तो म्हणाला. "नाहीच जमलं तर फाडू. आधी याच्यावर काही इलाज होतोय का बघा."

इलाज एकाच माणसाकडे होता. मावशीने बसडेपोच्या फोरमनला फोन केला. डेपो दोन किलोमीटरवर होता. आता प्रश्न असा, की गाडी न्यायची तर मोजणीदार कसा येणार? तशा अवस्थेत तो दोन किलोमीटर टिकला नसता. चष्मेवाल्याने आपली सायकल काढून दिली.

म्हणून त्या दुपारी लोकांना असं दृश्य दिसलं: पुढे एक उघडी हिरवी गाडी अतिशय हळू चाललीय, आणि मागे ठेंगण्या माणसाच्या सायकलवर एक ताडमाड माणूस, गुडघे कोपरांना लागतायत, टेप गळ्यात. गाडीतली बाई पुढे कमी आणि आरशात जास्त बघत होती. प्रत्येक सिग्नलला ती मान वळवून विचारायची, "आहात ना?"

"आहे!" मागून धापा टाकत उत्तर यायचं. "सायकलवर या म्हणाली होतीस, आलो!"

डेपोत फोरमन हात पुसत आला. त्याने मावशीच्या चार बसेस आयुष्यभर जगवल्या होत्या. "मावशी, बस कुठाय? ही तर बसचं पिल्लू दिसतंय."

"पिल्लाच्या पोटात यांना बसवायचंय."

फोरमनने मोजणीदाराला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आधी माप द्या."

आणि इथे गंमत झाली. मोजणीदाराने टेप काढली, पण स्वतःला बसलेल्या अवस्थेत मोजायचं कसं हे त्याला येईना. एक टोक बुडाखाली दाबलं की दुसरं डोक्यावर जाईपर्यंत तो वाकायचा आणि माप बदलायचं. शेवटी मावशीने टेप हिसकावून घेतली. त्याला बसच्या एका काढून ठेवलेल्या सीटवर बसवलं. "ताठ बसा. श्वास घ्या. सोडा. फुगू नका." टेपचं एक टोक तिने सीटवर धरलं, दुसरं त्याच्या टाळूवर. तिथले केस विरळ झालेत हे तिला त्या निमित्ताने समजलं. एरवी तिथवर तिची नजर पोचायचीच नाही.

"शंभर सेंटिमीटर. बरोबर एक मीटर."

"बरोबर एक?" मोजणीदार खूश झाला. "गोल आकडा. आयुष्यात एका प्लॉटचाही आला नाही कधी."

गाडीत सीटपासून छपरापर्यंत भरले एक्याण्णव. नऊ सेंटिमीटर कमी. फोरमनने सीट खोलली. फोम कापून पाच काढले. सीटखालच्या रुळांना खाली लाकडी ठोकळे होते, ते काढून टाकले, तीन आणखी. रुळांसाठी मागे चार नवी भोकं पाडून सीट मागे सरकवली, त्यामुळे गुडघे हनुवटी सोडून जागेवर गेले. साडेपाच वाजले. मोजणीदार आत गेला. या वेळी दोन्ही पाय एकामागून एक, माणसासारखे. चौकट भुवयांच्या वर गेली. छप्पर ओढलं. टेंगूळ आलं नाही, पण टाळू कापडाला टेकली.

"एक सेंटिमीटर राहिला," फोरमन म्हणाला. "त्यासाठी छपराची कमान वाकवावी लागेल. दोन दिवस लागतील. होईल, पण."

मावशीचा चेहरा पडला. दोन दिवस तर सोडाच, सहाला अर्धाच तास होता.

आतून टेप ओढल्याचा आवाज आला. मग पुन्हा. मोजणीदार बसल्या जागी छपराची मोजणी करत होता. दाराकडून सुरू करून दर दहा सेंटिमीटरला एक आकडा पुटपुटत. असा तो पुटपुटत पुटपुटत मधोमध आला आणि थांबला.

"अगं, हे छप्पर कमानीचं आहे. दाराशी कमी, मधे जास्त. मधे दीड सेंटिमीटर जादा भरतंय." त्याने मान चालकाच्या सीटकडे कलती केली. डोकं कापडापासून सुटलं. "हे बघ. इकडे कललं की बसतं."

इकडे म्हणजे मावशीच्या खांद्याकडे. मावशी तोवर चालकाच्या जागेवर येऊन बसली होती.

फोरमनने खिडकीतून डोकं घातलं. "मग? कमान वाकवू का परवा?"

"राहू दे," मावशी म्हणाली. "तुम्हाला बसेसची कामं थोडी आहेत का?"

फोरमनने डोकं बाहेर घेतलं. सायकल उद्या चष्मेवाल्याकडे पोचवतो म्हणाला. चष्मेवाल्याला मावशीने तिथूनच फोन लावला आणि सांगितलं, कागद फाडू नका.

छप्पर मागे टाकून दोघं निघाली. वाटेत फळवाल्याकडे थांबली, तर संत्र्यांचा मोसम नव्हता. केळी होती. पुढच्या सिग्नलला मोजणीदाराने एक केळं सोललं. मावशी रस्त्याकडे बघत होती म्हणून तिला आधी दिसलं नाही, पण घास यायला वेळ का लागतोय म्हणून तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, तर तो केळ्यावरचे धागे एकेक करून काढत होता. अगदी नखाने.

"केळ्याचे धागे कोणी काढतं का?"

"तू धागे म्हणालीस. फळ तुला मिळालं नाही, ती माझी चूक नाही. तोंड उघड."

तिने तोंड उघडलं. मागच्या गाडीने हॉर्न दिला. सिग्नल कधीच हिरवा झाला होता.

पुढे गार वारा सुटला. मोजणीदाराला शिंका सुरू झाल्या, तेव्हा तिने गाडी कडेला घेऊन छप्पर लावलं. त्याने डोकं मोजून ठरवलेल्या जागी कलतं केलं. तिचा खांदा किती उंचीवर आहे याचं माप मात्र कुणी घेतलं नव्हतं. ते आपोआप जुळलं. गिअर बदलताना तिला कोपर सांभाळून हलवावं लागत होतं. तिने शक्य तेवढे गिअर कमी बदलले.

घरासमोर गाडी थांबली तेव्हा अंधार पडायला आला होता. एवढ्या सायकलिंगने शिणलेला नवरा कधी झोपला ते कळलंच नव्हतं. तिने हळूच खांदा काढून घेतला, त्या जागी पर्स ठेवली, उतरली, दार लोटलं. आणि एकतीस वर्षांची सवय. पावलं गाडीला वळसा घालून मागे निघाली. पूर्वी शेवटच्या सीटपर्यंत जायला वीस पावलं लागायची. आता सातव्या पावलाला संपलं. ती दुसऱ्या दारापाशी वाकली आणि काचेतून आत पाहिलं.

शेवटच्या सीटवर एक प्रवासी अजून होता. तोंड उघडं, पाय घडी घातलेले, डोकं पर्सवर.

नियमाप्रमाणे अशा प्रवाशाला उठवायचं असतं, दप्तर हातात द्यायचं असतं, आणि मगच सही. मावशी थोडा वेळ वाकलेलीच राहिली. मग परत वळसा घालून चालकाच्या जागेवर जाऊन बसली, पर्स काढली आणि खांदा होता तिथे नेऊन ठेवला. 'गाडी रिकामी' असं लिहायची आज काही घाई नव्हती.